गोठ्याकडची तार

मु. हेटीखेडा, ता. कारंजा (घाडगे), जि. वर्धा
१९ जानेवारी २०२५

मोहिनीबाई,

आशीर्वाद घेजो. पुण्यात त्याचा काई उपयोग होते का नाई मले ठाऊक नाई, पण माह्याजवळ द्याले दुसरं काई नाई, अन् हा सडत बी नाई.

तू फोन करतं, तुहा भाऊ किशोर तो माह्या कानाले लावते, अन् मले निस्ता भुंगा आयकू येते. त्या भुंग्याले मी हाव हाव म्हणतो. परवा तू काय इचारलं अन् मी कायले हाव म्हटलं, देव जाणे. लग्नाचं असंन तं लवकर कळव, मले लुगडं घ्या लागते. म्हणून हे पत्र. मी बोलतो, पौर्णिमा लिहिते. पौर्णिमा म्हणजे भिंतीपलीकडच्या मंदाबाईची सून, मुकेशची बायको. तू गेल्यावर त्या घरात आली. ती म्हणते, आजी, तुमचं बोलणं जरा नीट करून लिहितो. म्हटलं, कर, पण टोमणे गाळू नको. तुह्यं पत्र आलं का तीच वाचंन. ओट्यावर बसून, माह्या कानापाशी तोंड आणून, ओरडून. पोस्टमननं मागे लाइनीची नोटीस आणली तं तिनं अशीच वाचली अन् सारी गल्ली जमली. गावात टीव्ही आहे, पण माह्या पत्राची मजा त्याले नाई.

आता कामाचं. मंदाबाईची चक्की तुले आठवत असंन. लहानपणी तिथं पिठात लोळून भूत होऊन घरी येत होतीस. ती अजून माह्या पाठीमागच्या भिंतीपलीकडंच चालते. कानानं मले काई येत नाई, पण सांजचं भिंतीले पाठ लावून बसली का चक्की माह्या हाडात चालते. ज्वारी असंन तं हलकी, चण्याची डाळ असंन तं भिंत दात खाते. या भिंतीवर खिळा टिकत नाई, दोन दिवसांत निघून पडते. तुह्या आज्याचा फोटो म्हणून तं मी समोरच्या भिंतीवर लावला. मंदाबाईचा मालक गेला तवापासून ते घर त्या चक्कीवर उभं आहे. वावर नाई, नोकरी नाई.

अन् तू किशोरले ती बिनआवाजाची गाडी घेऊन देली. चांगली आहे. पहाटे वांगे, मेथी, सांभाराच्या जुड्या भरून कारंज्याच्या बाजारात जाते. धूर नाई, डिझेल नाई. त्याचं पाहून गल्लीतल्या तानबानं घेतली, मंग भाजीवाल्या साऱ्यांनीच. तुह्या कंपनीनं तुले पेढे देले असतीन. आता सांज झाली का साऱ्या गाड्या घरी येतात अन् भिंतीवरच्या बटनाले लटकतात, वासरं थानाले लटकतात तशा. पण गाय एकच आहे वं. देवळापाशी तो डीपी आहे ना, साऱ्या गावाले लाइन देते तो, तो तुह्या बापाच्या लग्नातला आहे.

अन् दळण बी त्याच वक्ती येते. गाड्या लागल्या का दिवा पिवळा होते, पंख्याची पाती दिसाले लागतात, अन् चक्की कण्हते. मुकेश म्हणते, असंच राह्यलं तं मोटर जळन. मोटर जळली का ते घर उठलं समज.

किशोरले सांगितलं तं म्हणते, आजी, तुले लाइनीतलं काय समजते? म्हटलं, मले दिवा समजते. तू त्या गाड्यांच्या कंपनीत आहे. काय करावं ते सांग.

तुही आजी,
देवकाबाई


पुणे
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय आजी,

नमस्कार. लुगडं इतक्यात घेऊ नकोस. मी फोनवर विचारलं होतं, आमच्या कंपनीच्या लोकांना आपलं गाव दाखवायला आणू का? त्यावर तू हाव म्हणालीस. आता माघार घेता यायची नाही.

गावात एवढ्या गाड्या झाल्या हे वाचून मला किती बरं वाटलं, सांगू? इथे मीटिंगमध्ये मी हेटीखेड्याचं नाव घेते तेव्हा लोक विचारतात, हे कुठे आलं? मी सांगते, वर्धेत, जिथे माझी आजी कोणाचंही ऐकत नाही.

आता दिव्याचं. खांबावरून घरांना लाइन देणाऱ्या तारा तीन. प्रत्येक घर त्यातल्या एकीवर असतं. चक्कीच्या मोटरला मात्र तिन्ही लागतात. मी दादाला फोनवर विचारलं, तर आपली जवळजवळ सगळी गल्ली देवळाकडच्या तारेवर आहे. तीच थकली आहे. गोठ्याकडच्या तारेवर फारसं कोणी नाही. दादाने आपल्या घराची जोडणी तिकडे करून घ्यावी, लगेच उजेड पडेल.

मी बरी आहे. खोलीचा मालक भला आहे, मेसच्या भाजीत गूळ असतो. तुझ्या हातचा ठेचा पाठवशील तर डबा फोडून रस्त्यातच खाईन. थंडी संपत आली. ऑफिसच्या खिडकीतून एक पळस दिसतो, त्याला बघून घरी असल्यासारखं वाटतं.

एक सांगायचं राहिलं. तार बदलायची ती एकट्या दादानेच. सगळेच तिकडे गेले तर तीही खचेल, आणि तिन्ही तारा सारख्या नसल्या की सगळ्यांत आधी चक्कीची मोटर जळते. खरा उपाय मोठा डीपी, त्याचा अर्ज दादाने वीज कार्यालयात टाकावा.

मंदाआजींना नमस्कार. पौर्णिमा वहिनी, तुमचं अक्षर खरंच सुंदर आहे.

तुझी,
मोहिनी


हेटीखेडा
२० मार्च २०२५

मोहिनी,

तुह्यं पत्र पौर्णिमानं ओट्यावर वाचलं. गल्ली जमली होतीच. तुह्या ऑफिसातल्या लोकाईले मी कोणाचं आयकत नाई म्हणून सांगतं? आयकू आलं तं आयकीन ना.

तू सांगितलं तसं झालं. तानबा त्याच सांजी खांबावर चढला. लाइनमनची वाट पाहाले तो काई अंगठाछाप नाई, असं तोच म्हणते. आता दिवे दुधासारखे पांढरे आहेत. किशोरचाच नाई, साऱ्यांचे. गल्लीतली एकएक बाई येते अन् म्हणते, तुमची नात लय हुशार. मी म्हणतो, हाव, माह्यावर गेली. तुह्या मायले हे आवडत नाई.

डीपीचा अर्ज किशोरनं देला. साहेब म्हणे, वर पाठवतो. वर म्हणजे कुठं, ते त्यानं सांगितलं नाई.

ठेचा पाठवला आहे. डबा घरी नेऊन फोडजो.

भिंत आता जरा लंगडून चालते. दोन पावलं बराबर, एक पाऊल घसरते. पण ते माह्या पाठीचं बी असंन, म्हाताऱ्या पाठीले सारंच लंगडं लागते. मंदाबाई काई म्हणत नाई. ती तशी कवाच काई म्हणत नाई, म्हणून तं इतके वर्षं आमचं पटलं.

तुही आजी

(ताई, हे आजींनी सांगितलेलं नाही, मी लिहिते आहे. मोटरीला हात लावता येत नाही इतकी तापते. यांनी पोतं ओलं करून शेजारी ठेवलं आहे. काय करावं? पौर्णिमा.)


पुणे
२ एप्रिल २०२५

प्रिय आजी,

ठेचा पोचला. घरी नेला, पण उघडला जिन्यातच.

दिवे पांढरे झाल्याचं मी ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवलं. आमचे साहेब म्हणाले, या गावाचा फोटो कॅलेंडरवर घेऊ. दादाला सांग, सगळ्या गाड्या देवळासमोर एका ओळीत लावून सकाळच्या उन्हात फोटो काढून पाठव. तू मध्ये उभी राहा. काठी लपवू नकोस.

पौर्णिमा वहिनी, उन्हाळ्यात मोटर तापतेच. सावलीत ठेवा, दोन दळणांमध्ये थोडी विसावू द्या.

घाईत आहे, मोठं पत्र नंतर.

मोहिनी


हेटीखेडा
१८ मे २०२५

मोहिनी,

फोटो पाठवला. मी मध्ये उभी आहे, काठीसकट. हासली नाई म्हणून रागावू नको. त्याच्या आदल्या दिवशीच मंदाबाईची मोटर जळली होती.

सांगतो, अन् सारं सांगतो, कारण पौर्णिमा म्हणते का आता गाळायचं नाई.

सांज होती. लग्नाचे दिवस, चक्कीवर बायाईची गर्दी, मी भिंतीले पाठ लावून बसलेली. बाहेर साऱ्या गाड्या घरी येऊन लटकल्या, वरून कूलर. भिंतीचं एक पाऊल घसरत होतं, मंग दोन घसरले, मंग ती निस्ती थरथरली. बेडकी धरल्यावर हातात थरथरते तशी. अन् मंग काई नाई. आधी मले वाटलं, मीच गेली. पाह्यलं तं हात हालतो. मंग नाकात वास आला, जळलेल्या केसाईवानी. गेली तं मंदाबाई दारात उभी, हातात अर्धं दळलेल्या गव्हाचा डबा. ज्या बाईचा डबा होता तिले म्हणते, घेऊन जा माय, हे पैसे नको. बस. एवढंच बोलली.

मुकेशनं मोटर वर्धेले नेऊन तार भरून आणली. आठवड्यात परत जळली.

आता मोटर कायनं जळली ते. तू पत्रात दोन गोष्टी लिहिल्या होत्या. पहिली, गोठ्याकडच्या तारेवर उजेड आहे. पौर्णिमानं ती ओरडून वाचली, मले आयकू यावं म्हणून. गल्लीनं आयकली अन् तानबा उठला. त्याच्यामागे सारे उठले. मले वाटलं, पोरीच्या मेसची भाजी आयकून कंटाळले. तू गूळ, पळस लिहीपर्यंत ओटा रिकामा. दुसरी गोष्ट, एकट्या किशोरनंच जावं, ती पौर्णिमानं तेवढ्याच जोरानं वाचली. तवा तिथं मी, किशोर अन् ताराचंदची बकरी.

मी किशोरले म्हटलं, जाय, सांग त्याईले. तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता. म्हणे, आजी, मी कसा सांगू? म्हणतीन, सोताले उजेडाची तार ठेवली अन् आमाले अंधाराची. म्हटलं, मंग तू बी नको जाऊ. म्हणे, अन् पहाटे गाडी अर्धीच चार्ज झाली तं वांगे कोणाच्या डोक्यावर नेऊ? अन् गेला. गुन्हेगार कोण, तूच सांग. मले तं सारे आपलेच दिसतात.

चूल तीन दगडाईची असते बाई. साऱ्याईनं एकाच दगडावर पाय देला, तो खचला अन् वरचा भाताचा गंज सांडला. गंज मंदाबाईचा होता.

मोटर जळल्यावर मी गल्लीत काठी आपटत फिरली. म्हटलं, अर्धे लोक परत जुन्या तारेवर जा. सारे म्हणे, हाव आजी, बराबर आहे. अन् प्रत्येक जण दुसऱ्याची वाट पाहते. तानबा म्हणे, किशोरपासून सुरुवात करा. किशोर म्हणे, तानबापासून. दिवे अजून गोठ्याकडंच आहेत, अन् आता ते बी पिवळे झाले.

पौर्णिमाले म्हटलं, तुले राग आला असंन. तिनं लिहिणं थांबवलं, माह्याकडं पाह्यलं, अन् परत लिहाले लागली. हे बी ती लिहून राह्यली.

तुही आजी


पुणे
२ जून २०२५

पौर्णिमा वहिनी,

हे पत्र आजीला ओरडून वाचू नका. हळू वाचा, घरात बसून, दार लावून. आता मला गल्लीची भीती वाटते.

तुम्ही मार्चमध्ये कंसात लिहिलं होतं, मोटर तापते. आजीने लिहिलं होतं, भिंत लंगडते. 'साऱ्यांचे दिवे पांढरे' असंही होतं. ते पत्र मी ऑफिसात मोठ्याने वाचून दाखवलं, वहिनी, टाळ्या मिळवल्या, आणि त्यात काय लिहिलंय ते मला दिसलं नाही. माझं कामच हे आहे. गाड्या किती लागल्या तर डीपीवर किती ताण येतो, हे मी रोज दुसऱ्यांना समजावते. आणि माझ्या घराच्या गल्लीला मी वरवर उपाय लिहून पाठवला, आणि महत्त्वाचं वाक्य पळसाच्या खाली ठेवलं.

मी वीज कार्यालयात इथून फोन केले. मोठा डीपी मंजुरीत आहे, म्हणतात. मुकेशभाऊंना सांगा, तोवर चक्की दिवसा चालवा, गाड्या लागायच्या आधी. मी तानबाभाऊंशीही बोलेन, सगळ्यांशी एकेक करून बोलेन. चक्की बंद करू नका. मी दिवाळीला येईपर्यंत तरी करू नका.

आजीला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा.

मोहिनी


हेटीखेडा
२९ जून २०२५

मोहिनी,

तुह्यं पत्र आलं. पौर्णिमानं दार लावलं अन् हळू वाचलं. मले काई म्हणजे काई आयकू नाई आलं. मी तिचं तोंड पाहत होती. आधी ते दगडासारखं होतं. मंग दगड ओला झाला. वाचून झाल्यावर म्हटलं, काय लिहिते पोरगी? म्हणे, आजी, हे तुमाले नाई, मले होतं. पह्यल्या वक्ती माह्या नावानं आलेलं पत्र दुसऱ्याचं निघालं. ठीक आहे. मी नाई इचारलं.

तू तानबाशी बोलली, सगळ्याईशी बोलली, ते किशोरनं सांगितलं. सारे तुले हाव म्हणाले असतीन. आमच्या गावात हाव म्हणायले कानच लागत नाई.

मुकेशनं मोटर परत भरून आणली अन् दिवसा चक्की चालवून पाह्यली. पण दिवसा लोक वावरात. पेरण्या सुरू. दळणाले येते कोण? सांजी बाया डबे घेऊन येत, बंद दार पाहत, अन् जात. पंधरा-वीस दिवस त्यानं वाट पाह्यली. आता सिंदी रेल्वे गावाले पौर्णिमाच्या भावाची चक्की आहे, तिथं तो कामाले जाते. स्वतःच्या चक्कीचा मालक दुसऱ्याच्या चक्कीवर पीठ भरंन. मंदाबाई बी जाते. इथं एकटी कायले राहीन?

काल मंदाबाई आली. माह्यासमोर बसली. मी म्हटलं, कवा येशील? तिनं माह्या हातावर हात ठेवला. तिच्या हाताच्या रेघाईत अजून पीठ होतं. बोलली बी असंन काई, मले आयकू नाई आलं. मी हाव म्हटलं.

हे पौर्णिमाच्या हातचं शेवटचं पत्र. परवा त्या निघतात. तिले म्हटलं, आता माह्ये टोमणे कोण लिहीन? म्हणे, किशोरभाऊ. आम्ही दोघी हासलो. मोटर जळली तवापासून पह्यल्यांदा.

तुही आजी

(ताई, तुमचं ते पत्र मी सोबत नेते आहे. पौर्णिमा.)


हेटीखेडा
७ सप्टेंबर २०२५

मोहिनी,

हे अक्षर पाहून घाबरू नको, कोंबडी कागदावरून चालली नाई. किशोर लिहिते. त्याले म्हटलं, मी जे बोलतो ते लिहायचं, सोताचं काई घालायचं नाई, सोताचं काई काढायचं नाई. मान खाली घालून लिहून राह्यला. हे बी लिही रे.

मोठा डीपी आला. गणपतीच्या आधी. नवा, हिरवा, चकचकीत. तानबानं नारळ फोडला, किशोरनं हळदकुंकू लावलं. लाइनमननं साऱ्या तारा नीट वाटून देल्या, अर्ध्या सकाळचं काम. आता साऱ्या गाड्या एका वक्ती लावल्या तरी दिवा हालत नाई. पंख्याची पाती दिसत नाई. तुले पाह्यजे होता तसा उजेड आहे.

चक्कीचं घर बंद आहे. दगड आतच आहेत, त्याईले उचलणारं कोणी नाई. किल्ली मंदाबाईनं माह्याजवळ ठेवली. गल्लीचं दळण आता किशोर नेते कारंज्याले, त्याच गाडीत. वांग्याच्या वर गव्हाचे डबे. पीठ येते, पण त्याले हायवेवरच्या दुकानाचा वास असते, कोणाचंही पीठ कोणाच्याही डब्यात. परवा माह्या ज्वारीत ताराचंदचा चणा आला. खाल्ला.

पौर्णिमानं सिंदीहून फोन केला होता. किशोर बोलला. मुकेशचं ठीक आहे म्हणे. मंदाबाई तिथं चक्कीवर जात नाई, घरातच बसते. मी किशोरले इचारलं, तिथं कोणत्या भिंतीले टेकून बसते? तो म्हणे, असं कोणी इचारते का फोनवर?

तुह्या कंपनीचं पुढच्या सालचं कॅलेंडर आतापासूनच आलं. फोटो चांगला आहे. साऱ्या गाड्या उन्हात ओळीनं, मी मध्ये तोंड पाडून, अन् मागे कोपऱ्यात मंदाबाईच्या घराचं अर्धं दार. किशोरनं ते त्याच भिंतीवर टांगलं. मी म्हटलं, तिथं खिळा टिकत नाई रे. पंधरा दिवस झाले, टिकला आहे.

सांजी मी अजून तिथंच बसतो. पाठ लावतो. सवय आहे, दुसरं काई नाई. काल किशोर बाजारातून आला, माह्यासमोर उभा राह्यला, अन् मंग किल्ली मागितली. मले वाटलं, दगड इकत घ्याले कोणी आला. तो पलीकडं गेला, कुलूप काढलं. अन् थोड्या वेळानं भिंत हालली. धड, धड, धड. पोट्टा तिकडून हातानं भिंत ठोकून राह्यला होता. ताल चुकीचा होता. ज्वारीचा बी नव्हता, डाळीचा बी नव्हता, पण मी पाठ नाई काढली. कॅलेंडर जरासं हाललं.

हे बी लिही, किशोर. काऊन थांबला?

मंग ठोकणं थांबलं. आला तं तळवे लाल. म्हटलं, ठोक अजून थोडं, मले लय दिवसांनी आयकू आलं.

म्हणे, आजी, गाडी चार्जिंगले लावायची आहे.

तुही आजी,
देवकाबाई